रात्री घरात चोर शिरला, तर कायदा घरमालकाला किती साथ देतो?

वस्तीवरचा
नमस्कार मंडळी. आम्ही शिरूर तालुक्यात, गावापासून बरेच आत मळ्यातल्या वस्तीवर राहतो. घरात मी, पत्नी, दोन शाळकरी मुले आणि आई आहे. तिन्ही बाजूंना ऊस आहे आणि शेजारचे घर हाकेच्या अंतरावर नाही. यंदाच्या हंगामात आमच्या भागातील दोन वस्त्यांवर मध्यरात्री चोर आले. एका ठिकाणी कडी उचकटून दागिने नेले, तर दुसऱ्या ठिकाणी वृद्ध जोडप्याला मारहाण झाली. तेव्हापासून परिसरात बंदुकीच्या परवान्यासाठी अर्ज करावा, अशी चर्चा जोरात सुरू आहे.

माझे दोन प्रश्न आहेत. माझ्यासारख्या सामान्य शेतकऱ्याला घराच्या रक्षणासाठी शस्त्र परवाना मिळू शकतो का? आणि बंदूक असो वा कुऱ्हाड, घरात शिरलेल्या माणसावर मी वार केला आणि तो दगावला, तर कायदा माझ्याकडे कोणत्या नजरेने पाहील? ऐकीव माहितीवर इतका मोठा निर्णय घ्यायचा नाही, म्हणून जाणकारांनी लिहावे ही विनंती.

निवृत्त_अंमलदार
तुमच्या पहिल्या प्रश्नाबद्दल लिहितो, कारण परवाना शाखेत मी बरीच वर्षे काम केले आहे. पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत आयुक्त आणि इतरत्र जिल्हाधिकारी हे परवाना देणारे अधिकारी असतात. शिरूर पुणे ग्रामीणमध्ये येत असल्याने तुमचा अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयाकडे जाईल. शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ यांनुसार हे काम चालते. अर्जदाराचे वय किमान २१ वर्षे हवे, शारीरिक व मानसिक स्वास्थ्याचा वैद्यकीय दाखला हवा, शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचे प्रशिक्षण घेतलेले हवे आणि घरात ते कुलूपबंद ठेवण्याची हमी द्यावी लागते. त्यानंतर स्थानिक पोलीस ठाण्याकडून अहवाल मागवला जातो. त्यात तुमच्यावरील गुन्हे, गावातील वाद, भाऊबंदकीतील तंटे आणि शस्त्राची खरी गरज या सगळ्याची नोंद होते.

बहुतेकांच्या ध्यानात नसलेली एक गोष्ट येथे सांगतो. अधिनियमाच्या कलम १३ मध्ये शस्त्रांचे दोन वेगळे गट केले आहेत. नळीची लांबी किमान २० इंच असलेली, आतून गुळगुळीत नळीची बंदूक संरक्षणासाठी किंवा खेळासाठी हवी असेल, अथवा ठासणीची बंदूक पिकांच्या राखणीसाठी हवी असेल, तर परवाना ‘दिला जाईल’ अशी भाषा आहे. रिव्हॉल्व्हर, पिस्तूल वगैरेंसाठी मात्र अर्जदाराकडे ‘सबळ कारण’ असल्याची अधिकाऱ्याची खात्री पटावी लागते. म्हणून वस्तीवर राहणाऱ्या शेतकऱ्याने बारा बोअरच्या, म्हणजे अशाच गुळगुळीत नळीच्या, बंदुकीसाठी केलेला अर्ज कायद्याच्या दृष्टीने अधिक भक्कम असतो. लोक मात्र सरसकट रिव्हॉल्व्हर मागतात आणि जिवाला नेमका धोका दाखवता न आल्याने अर्ज फेटाळला जातो. अर्थात कलम १४ खाली सार्वजनिक शांततेच्या कारणावरून नकार देण्याचा अधिकार दोन्ही बाबतींत कायम आहे. नकार आल्यास कारणे लेखी मागावीत. त्यावर अपील करता येते. पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, हेही त्याच कलमात स्पष्ट लिहिले आहे.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन अग्निशस्त्रे ठेवता येतात आणि परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली आहे. विनापरवाना गावठी कट्टा ठेवण्याचा विचार कोणी करत असेल, तर त्याच दुरुस्तीने त्याची शिक्षा किमान दोन आणि कमाल पाच वर्षे केली आहे, हे लक्षात ठेवावे.

फौजदारी_वकील
दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेची कलमे ३४ ते ४४ खासगी बचावाच्या हक्काबद्दल आहेत. भारतीय दंड संहितेत हीच तरतूद कलम ९६ ते १०६ मध्ये होती. हा हक्क केवळ स्वतःच्या शरीरापुरता नाही. दुसऱ्याचे शरीर, स्वतःची मालमत्ता आणि दुसऱ्याची मालमत्ता यांच्या रक्षणासाठीही तो आहे. शेजाऱ्याच्या वस्तीवर दरोडा पडत असताना तुम्ही धावून गेलात, तर तुम्हालाही त्याचे संरक्षण मिळते.

मालमत्तेच्या रक्षणासाठी हल्लेखोराचा मृत्यू घडवण्यापर्यंत हा हक्क कधी जातो, ते कलम ४१ सांगते. जबरी चोरी, सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी केलेली घरफोडी, राहत्या घराला किंवा माल ठेवण्याच्या जागेला आग लावणे अथवा ती स्फोटकाने उडवणे, आणि ज्या चोरीत, नासधुशीत किंवा गृहअतिक्रमणात मृत्यू अथवा गंभीर दुखापत होईल अशी वाजवी भीती वाटावी अशी परिस्थिती. रात्री कडी तोडून घरात शिरणारा माणूस यांतल्या दुसऱ्या प्रकारात बसतो. दिवसाढवळ्या अंगणातून मोटरपंप उचलून नेणारा मात्र, इतर कोणता धोका नसेल, तर बसत नाही. त्याला अडवता येईल, पकडता येईल, त्या झटापटीत त्याला मार लागला तरी तुमचा बचाव उभा राहील. परंतु मोटरपंपासाठी जीव घेण्याचा हक्क कायदा देत नाही.

या साऱ्यावर कलम ३७ चे बंधन आहे. बचावासाठी आवश्यक असेल त्याहून अधिक इजा करता येत नाही, आणि सरकारी यंत्रणेची मदत घेण्याइतका वेळ हाताशी असेल, तर हा हक्क उरत नाही. वस्तीवर पोलीस पोहोचायला किती वेळ लागतो, हे न्यायालय तुमच्या परिस्थितीवरून पाहील. हक्काची मर्यादा सद्भावनेने, सूडबुद्धी न ठेवता ओलांडली गेली, तर कलम १०१ च्या दुसऱ्या अपवादामुळे तो खून ठरत नाही, सदोष मनुष्यवध ठरतो. शिक्षेत त्याने फार मोठा फरक पडतो.

राहुरीकर
वकीलसाहेब, आपण लिहिलेले सारे खरे असेल. पण मध्यरात्री दार फुटते, मुले किंचाळतात, बाहेर किती जण आहेत हे कळत नाही, त्या क्षणी ‘आवश्यक तेवढीच इजा’ कोण मोजणार? घरात बसलेल्या कष्टकरी माणसाने प्रत्येक फटका तोलून मारावा आणि चोराने मात्र हवे ते करावे, ही अपेक्षाच मला अन्यायाची वाटते. शिवाय चोर मेला की घरमालकावर गुन्हा नोंदवला जातो, बंदूक मुद्देमाल म्हणून जप्त होते आणि पुढची काही वर्षे तो तालुक्याच्या न्यायालयात खेटे घालत राहतो. अशा वेळी कागदावरच्या हक्काचा उपयोग काय?

फौजदारी_वकील
राहुरीकर, तुमचा पहिला आक्षेप सर्वोच्च न्यायालयाने सत्तर वर्षांपूर्वीच मान्य केला आहे. मार्च १९५० मध्ये मध्य प्रदेशातील कटनी येथे दंगल उसळली. जमाव लूटमार करत बाजारात शिरला. अमजद खान या दुकानदाराच्या भावाचे दुकान लगतच होते. तेथे जमाव घुसला आणि याच्या दारावर लाठ्या बसू लागल्या. घरात कुटुंब होते. त्याने दोन गोळ्या झाडल्या. एक जण मरण पावला आणि तिघे जखमी झाले. खालच्या न्यायालयांनी त्याला दोषी धरले, परंतु १९५२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची निर्दोष मुक्तता केली. निकाल न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांचा होता. ते त्याआधी नागपूरच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. दार फुटून जमाव आत येईपर्यंत त्याने थांबावे, अशी अपेक्षा करता येत नाही आणि अशा गोष्टी सोन्याच्या तराजूत तोलता येत नाहीत, असा त्या निकालाचा आशय आहे.

२०१० च्या दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या निकालाने आजवरची तत्त्वे एकत्र मांडली. धोक्याची वाजवी भीती पुरेशी आहे, प्रत्यक्ष घाव बसेपर्यंत वाट पाहण्याची गरज नाही, आणि हल्ला होत असताना माणसाने प्रतिकाराची मोजदाद गणितासारखी करावी असे कायदा म्हणत नाही. बचाव सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो हे खरे. मात्र तो सरकारी पक्षाइतका जड नसतो. आपली बाजू अधिक संभवनीय आहे, एवढे दाखवले तरी चालते.

तुमचा दुसरा आक्षेप मात्र मी खोडून काढू शकत नाही. गुन्हा नोंदवला जाईल, पंचनामा होईल, बंदूक न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जाईल आणि निकाल लागेपर्यंत माणूस भरडला जाईल. माणूस मेला आहे म्हटल्यावर चौकशी व्हायलाच हवी. ती लवकर संपत नाही, हे आपल्या न्यायव्यवस्थेचे दुखणे आहे, आणि त्याचा त्रास निरपराध घरमालकाला भोगावा लागतो, हे मी माझ्या अशिलांच्या बाबतीत पाहिले आहे.

सावंतवाडीकर
आमच्याकडे सिंधुदुर्गात ठासणीच्या बंदुका कैक शेतकऱ्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्या माकडांपासून आणि रानडुकरांपासून शेती-बागायतीची राखण करण्यासाठी आहेत. चोरासाठी त्यांचा उपयोग होईल, असे आमच्यापैकी कोणी मानत नाही. दारू ठासायची, छर्रे भरायचे, केप लावायची आणि मग नेम धरायचा, एवढ्या वेळात चोर घरातून परसात पोहोचतो. पावसाळ्यात दारू दमट झाली तर बार उडेल याची खात्रीही नसते.

निवडणूक जाहीर झाली की बंदुका पोलीस ठाण्यात जमा करण्याच्या नोटिसा येतात. नेमके तेव्हाच पीक उभे असेल, तर शेतकरी हवालदिल होतो. जिल्हास्तरावर छाननी समिती असते आणि तिने प्रत्येक परवानाधारकाचा स्वतंत्र विचार करणे अपेक्षित आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. गरज असेल, तर सूट मिळावी म्हणून मुदतीत लेखी अर्ज करावा, असे मी गावातल्या सर्वांना सांगत असतो. वस्तीवरचा, तुम्ही घराच्या रक्षणासाठी बंदूक घेतलीत, तर ती वर्षभर सलग तुमच्याजवळ राहीलच असे गृहीत धरू नका.

डॉ_केतकी
मी मानसोपचारतज्ज्ञ आहे आणि विदर्भात काम करते. या चर्चेत चोर बाहेरून येतो, एवढेच गृहीत धरले जात आहे. घरात बंदूक आली की ती घरातल्या प्रत्येकाच्या आयुष्यात येते. कर्जाने खचलेला भाऊ, नैराश्यात असलेली सून, परीक्षेत नापास झालेला मुलगा, दारूच्या नशेत भांडणारा नातेवाईक या सर्वांच्या हाताशी ती असते. आत्महत्येचा आवेग बहुतेक वेळा थोडा काळ टिकतो, आणि त्या काळात हाताशी कोणते साधन आहे यावर माणूस वाचणार की जाणार हे पुष्कळदा ठरते. श्रीलंकेत अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली, तेव्हा आत्महत्यांमुळे होणारे मृत्यू मोठ्या प्रमाणावर घटले. शेतकरी कुटुंबांत काम करताना आम्ही औषधाची बाटली कुलपात ठेवा, असे विनवत असतो. त्याच घरात बंदूक आणण्याचा सल्ला मी देऊ शकत नाही.

अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. १९९३ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झालेल्या आर्थर केलरमन आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात, घरात बंदूक असणे आणि त्या घरात कोणाचा तरी खून होणे यांचा संबंध आढळला होता. इतर घटक जमेस धरूनही धोका सुमारे २.७ पट होता. बहुतेक प्रकरणांत मारणारा हा ओळखीचा किंवा घरातलाच होता.

टेक्सासकर
केतकीताई, तुम्ही दिलेल्या अभ्यासावर इकडे तीव्र वाद झाले आहेत. ज्यांना आधीच धोका असतो तेच बंदूक घेतात, त्यामुळे कारण कोणते आणि परिणाम कोणता हे त्यातून ठरत नाही, असा आक्षेप घेतला जातो आणि तो विचारात घ्यायला हवा. मी स्वतः ह्यूस्टनजवळ राहतो आणि माझ्या घरात कुलूपबंद पेटीत पिस्तूल आहे. येथे २००८ च्या हेलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घरात स्वसंरक्षणासाठी हातबंदूक ठेवणे हा घटनादत्त हक्क मानला. टेक्सासच्या दंडसंहितेचे कलम ९.४२ तर रात्रीची चोरी रोखण्यासाठीही, दुसरा सुरक्षित मार्ग नाही असे वाजवीपणे वाटत असेल, तर प्राणघातक बळ वापरू देते. भारतात रात्रीच्या घरफोडीला दिलेली सवलत येथे साध्या चोरीपर्यंत पोहोचली आहे.

तरीही आपल्याकडे असाच कायदा यावा, असे मी म्हणणार नाही. लुइझियानातील बॅटन रूज शहरात ऑक्टोबर १९९२ मध्ये योशिहिरो हातोरी हा सोळा वर्षांचा जपानी विद्यार्थी हॅलोवीनच्या मेजवानीला जाताना चुकीच्या घरी गेला. घरमालकाने ‘फ्रीझ’ म्हणजे ‘थांब’ असे ओरडून सांगितले. मुलाला ते समजले नाही. त्याला गोळी लागली आणि तो मेला. फौजदारी खटल्यात ज्यूरीने घरमालकाला सोडले, दिवाणी दाव्यात मात्र त्याला जबाबदार धरले गेले. आम्हा भारतीयांच्या घरी पाहुणे विचारल्यावाचून येतात, मुले शेजारच्या दारावर जातात, नवे आलेले विद्यार्थी पत्ता चुकतात. माझी मुले चुकीची घंटी वाजवतील, ही भीती मला चोरापेक्षा जास्त वाटते.

मीरा_लंडन
ब्रिटनमध्ये याच्या उलट टोक दिसते. घराचे रक्षण हे येथे बंदुकीचा परवाना मिळण्याचे ग्राह्य कारण मानले जात नाही. १९९९ मध्ये नॉरफोकमधील टोनी मार्टिन या शेतकऱ्याने रात्री घरात शिरलेल्या चोरांवर अंधारात गोळ्या झाडल्या आणि पाठीत गोळी लागून सोळा वर्षांचा एक मुलगा मेला. ज्यूरीने खुनाचा दोष ठेवला. २००१ मध्ये अपिलात, त्याच्या मानसिक अवस्थेचा विचार करून, तो दोष सौम्य करण्यात आला. एकट्या फार्महाऊसवर वारंवार चोऱ्या सोसलेल्या त्या माणसाविषयी देशात फार मोठी सहानुभूती होती. पुढे २०१३ मध्ये कायद्यात बदल झाला, आणि घरात शिरलेल्या माणसाविरुद्ध वापरलेले बळ ‘अत्यंत प्रमाणाबाहेर’ नसेल, तर घरमालकाला संरक्षण मिळू लागले.

राहुरीकर
मीराताई, हेच मला म्हणायचे आहे. ब्रिटनसारखा बंदुकीच्या बाबतीत कडक देशसुद्धा घरमालकाला वेगळी, अधिक उदार कसोटी लावतो. आपल्याकडे घरातील प्रतिकार आणि रस्त्यावरची मारामारी यांना ‘आवश्यक तेवढेच बळ’ हीच कसोटी आहे. ती बदलावी, एवढी माझी मागणी आहे. टेक्सासकर म्हणतात ते मला मान्य आहे. मला टेक्सास नको आहे.

फौजदारी_वकील
मागणी विचार करण्याजोगी आहे. तूर्त कायदा आहे तसा वापरायचा असेल, तर दोन ठिकाणी लोक हमखास अडकतात, ती सांगतो.

चोर पळू लागला की हक्काचे चित्र बदलते. साठच्या दशकातील जय देव विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात शेताच्या वादातून हाणामारी झाली, आणि समोरचे लोक पळत सुटल्यावर आरोपींनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. धोका संपला तेथेच बचावाचा हक्क संपला, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. चोरलेला माल घेऊन पळणाऱ्याचा पाठलाग करून माल सोडवता येतो, ती मुभा कलम ४३ देते. परंतु पाठमोऱ्या माणसावर गोळी झाडणे अगदी वेगळे आहे. चोराला पकडून खांबाला बांधल्यावर झालेली मारहाण तर कोणत्याही कलमात बसत नाही. ती सरळ गुन्हा आहे.

विजेची तार ही त्याहून वाईट. चेरुबिन ग्रेगरी विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात एका माणसाने शेजारच्यांनी आपले शौचालय वापरू नये म्हणून वाटेवर उघडी, वीजप्रवाह सोडलेली तार लावली होती. एक स्त्री तिला स्पर्श होऊन मेली. परवानगीशिवाय शिरणारा माणूसही कायद्याच्या संरक्षणाबाहेर नसतो, आणि त्याला इजा व्हावी म्हणून छुपा सापळा लावता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले आणि शिक्षा कायम केली. आपल्याकडे डुकरांसाठी शेताभोवती प्रवाह सोडलेल्या तारांनी दरवर्षी माणसे मरतात, त्यात पुष्कळदा घरचीच माणसे असतात. तार माणूस ओळखत नाही आणि ती वापरणाऱ्याला खासगी बचावाचा हक्कही सांगता येत नाही.

साक्रीचा_सुनील
मी धुळे जिल्ह्यातला आहे. आमच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी मुले पळवणारे समजून ठेचून मारले गेले. मारणाऱ्यांनाही आपण गावाचे रक्षण करत आहोत असेच वाटत होते. एप्रिल २०२० मध्ये पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक अशाच अफवेतून मारले गेले. २०२४ च्या उन्हाळ्याअखेर आणि पावसाळ्यात मराठवाड्यापासून पुणे जिल्ह्यापर्यंत रात्री ड्रोन उडत असल्याच्या बातम्यांनी गावेच्या गावे जागी राहिली, तेव्हा मला सतत राईनपाड्याची आठवण येत होती.

वस्तीवरचा, तुमची भीती खरी आहे, ती मी कमी लेखत नाही. मात्र तुमच्या पट्ट्यात रात्री अनोळखी माणूस दिसला की पहिला संशय पारधी समाजावर येतो, हे तुम्हीही जाणता. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने अनेक जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण लोकांच्या मनातला संशय गेला नाही. बंदूक वस्तीवस्तीवर पोहोचली, तर चुकीच्या संशयातून सुटलेली गोळी कोणाला लागण्याची शक्यता जास्त आहे, याचा विचार परवान्याची मागणी करणाऱ्या प्रत्येकाने करावा. कायद्याने मागितलेली ‘वाजवी भीती’ आणि जातीवरून मनात बसलेली भीती यांत फरक करण्याचे काम न्यायालयावर टाकून चालणार नाही, कारण न्यायालय पोहोचेपर्यंत माणूस गेलेला असतो.

राहुरीकर
सुनीलभाऊ, पारध्यांबद्दल तुम्ही लिहिले ते मान्य आहे आणि त्यावर मला वाद घालायचा नाही. मात्र राईनपाड्यात जमाव होता आणि दिवसाची वेळ होती. वस्तीवर मध्यरात्री दार फुटताना आत एकच कुटुंब असते. दोन्ही गोष्टी एका मापाने मोजू नयेत.

मडिकेरीवासी
अवांतर होईल, पण संदर्भ आहे म्हणून लिहितो. नोकरीनिमित्त मी कर्नाटकातील कोडगूत राहतो. येथील कोडवा समाजाला आणि जम्मा (पिढीजात हक्काच्या) जमीनधारकांना शस्त्र अधिनियमातील परवान्याच्या अटीतून सूट आहे. केंद्र सरकारने ती ३१ ऑक्टोबर २०२९ पर्यंत वाढवली आहे. घरोघरी बंदूक आहे, सणाला तिची पूजा होते, मूल जन्मले की बार काढतात. मुलांना लहानपणापासून ती कशी धरायची, कधी धरायची नाही, हे घरातले मोठे शिकवतात. हे पिढ्यान्‌पिढ्यांचे वळण नसलेल्या घरात केवळ परवाना आला, म्हणजे तशी शिस्त आपोआप येईल असे मला वाटत नाही.

जुन्नरची_मंगल
आम्ही बिबट्याच्या पट्ट्यात उसातच राहतो, त्यामुळे रात्रीची धास्ती आमच्या अंगवळणी पडली आहे. वस्तीवरचा, बंदुकीचा अर्ज करायचा की नाही, हे तुम्ही ठरवा. पण त्याचा निकाल लागेपर्यंतच्या रात्रींचे काय, ते सांगते. बाहेरच्या लाकडी दारामागे लोखंडी जाळीचे दार बसवा आणि त्याची कडी बाहेरून हात घालून निघणार नाही अशी ठेवा. घराच्या चारही कोपऱ्यांवर हालचाल होताच लागणारे दिवे लावा. शेतीची वीज रात्री जाते, म्हणून सौरदिवे घ्या. घरालगतचा ऊस निदान काही सऱ्या मागे सरकवा. त्याचा बिबट्यासाठीही उपयोग होतो. दोन कुत्री पाळा, एक बांधलेले आणि एक मोकळे.

आपल्या जिल्ह्यात ग्राम सुरक्षा यंत्रणा आहे. एका फोनवर केलेला निरोप एकाच वेळी गावातल्या सगळ्या नोंदवलेल्या मोबाइलवर वाजतो. आमच्या गावात तिची नोंदणी ग्रामपंचायतीने करून घेतली, आणि रात्री कोणाच्या वस्तीवर काही झाले, तर पोलिसांच्या आधी माणसे बॅटऱ्या घेऊन पोहोचतात. ११२ लाही लावायचेच, पण त्या गाडीला ओढ्यापलीकडच्या वस्तीचा रस्ता सापडत नाही, म्हणून गावातला एक जण फाट्यावर उभा राहतो, असे ठरवून ठेवले आहे. दोन्ही क्रमांक मोबाइलवर आईंना आणि मुलांना लावता येतात ना, हे तपासून पाहा.

निवृत्त_अंमलदार
मंगलताईंशी पूर्ण सहमत. वस्तीवर रात्री झालेल्या ज्या चोऱ्यांच्या पंचनाम्यांना मी गेलो, त्यांपैकी बहुतेक ठिकाणी घरातले गाढ झोपलेले असताना कडी निघालेली होती. अशा वेळी कपाटात कुलूपबंद असलेली बंदूक मालकाच्या हाती लागण्याआधी चोराच्या हाती लागण्याचा धोका असतो. ती उशाशी भरून ठेवावी, तर सुरक्षित साठवणुकीची हमी मोडते आणि घरात मुले आहेत. परवाना मागणाऱ्याने या अडचणीचा विचार आधी करावा. वाटेत कुठे आवाज झाला, कोणते दार आधी तुटेल, आपण जागे होऊन हातात शस्त्र घेईपर्यंत किती वेळ मिळेल, हे घरातल्या घरात चालून पाहावे.

वस्तीवरचा
सर्वांचे मनापासून आभार. जाळीच्या दाराचे माप काल गावातल्या लोहाराला दिले आणि ग्राम सुरक्षा यंत्रणेच्या नोंदणीबद्दल सरपंचांशी बोललो. कुऱ्हाडीबद्दल विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर वकीलसाहेबांच्या प्रतिसादातून मिळाले. पत्नीचा बंदुकीला ठाम विरोध आहे, आईचा मात्र आग्रह आहे, आणि आमच्या घरात हा विषय अजून मिटलेला नाही. डॉक्टर केतकींचा प्रतिसाद दोघींनाही वाचून दाखवला.

त्यातून आणखी एक गोष्ट निघाली. माझ्या सासऱ्यांकडे परवान्याची बारा बोअर बंदूक होती. ते गेल्या वर्षी वारले. ती अजून सासुरवाडीच्या माडीवर पेटीत पडून आहे आणि मेव्हण्याला वाटते की ती मी घेऊन यावी. हे चालेल का?

राहुरीकर
मी माझा अर्ज करणार आहे, पण अंमलदारसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे रिव्हॉल्व्हरचा नाही, लांब नळीच्या बंदुकीचा. तुमच्या प्रश्नाचे उत्तर मलाही हवे आहे, कारण आमच्या चुलत्यांकडे अशीच एक आहे.

निवृत्त_अंमलदार
वस्तीवरचा, ती बंदूक कृपा करून हलवू नका आणि तुमच्या घरी तर मुळीच आणू नका. परवाना व्यक्तीचा असतो, घराचा नसतो. सासरे वारले त्या दिवशी त्यांचा परवाना संपला, आणि त्यानंतर ती ज्याच्या ताब्यात आहे, तो विनापरवाना शस्त्र बाळगत आहे, असा अर्थ निघू शकतो. मेव्हण्यांनी मृत्यूचा दाखला, मूळ परवाना पुस्तिका आणि काडतुसे यांच्यासह बंदूक विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावी आणि जमा केल्याची पावती घ्यावी. अधिनियमाच्या कलम २१ मध्ये ही सोय आहे. पेटी उघडण्यापूर्वी ठाण्यात फोन करून कल्पना दिली तर उत्तम, कारण इतके दिवस पडून असलेल्या बंदुकीत बार भरलेला आहे की नाही, हे नवख्याने पाहू नये.

त्यानंतर कायदेशीर वारसांपैकी कोणाला ती हवी असेल, तर त्याने स्वतःच्या नावाने नवा परवाना मागावा आणि इतर वारसांची लेखी ना-हरकत जोडावी. २०१६ च्या नियमांत वारसांसाठी स्वतंत्र तरतूद आहे. जिवंतपणीसुद्धा, परवानाधारकाचे वय ७० झाले असेल किंवा शस्त्र त्याच्याकडे २५ वर्षे असेल, तर तो वारसाच्या नावाने प्रक्रिया सुरू करू शकतो. राहुरीकर, तुमचे चुलते हयात असतील, तर हे काम आत्ताच करून घ्या. कोणालाच नको असेल, तर परवानाधारक विक्रेत्यामार्फत तिची विक्री करता येते. जमा पावतीची एक प्रत मेव्हण्यांनी आणि एक प्रत तुमच्या सासूबाईंनी ठेवावी.